पडद्याआडची शहाळी

“ए नळकांड्या, सांग तिला... माझा म्हातारा तहानेनं तडफडून गेला ना, तर तिचं तोंड बघणार नाय मी!”

अंजनाबाई खाटेशेजारच्या प्राणवायूच्या नळकांड्याशी बोलत होत्या. त्यांच्या मुलानं, अनंतानं, घरी न विचारता पार्ल्याच्या मास्तरांची जया वर्सोव्याच्या कोळीवाड्यात सून म्हणून आणली, तेव्हापासून सासूनं सुनेशी थेट शब्द काढला नव्हता. घरी हे निरोप मांजर पोचवी. अंधेरीच्या या इस्पितळात मांजराला मज्जाव होता.

जयाचं काळीज विदीर्ण झालं. होडी किनाऱ्यावर ओढतानाच सासऱ्यांना, हरेश्वरबाबांना, हृदयविकाराचा झटका आला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, मूत्रपिंडांपर्यंत रक्ताचा जोर पोचत नाही, लघवी जवळजवळ बंद आहे. पाणी मोजून द्या, आणि शहाळं तर अजिबात नको! त्यातले क्षार निरोगी माणूस लघवीवाटे टाकून देतो. यांच्या रक्तात ते साचले, तर हृदय जागच्या जागी थांबेल.

पण डॉक्टरांना मिशी नव्हती.

“बिनमिशीच्या पोराला काय कळतंय?” अंजनाबाईंनी नळकांड्याला विचारलं. “शहाळ्यानं आजवर मेलंय कोण?”

आणि कोळीवाड्याची ती रीत! आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि आणलेलं शहाळं त्याच्या पोटात गेल्याशिवाय उठत नाही. शेजारचा दादू आला, भीमराज आला, शेजारीण प्रेमा तर दोन घेऊन आली. नाही म्हणावं तर भांडण, आणि ते भांडण ऐकून बाबांचं हृदय... छे! जयानं खाटेभोवती हिरवा पडदा ओढला.

“बाबांना चारचौघांत प्यायला लाज वाटते,” ती म्हणाली, आणि पडद्याआड शहाळं स्वतःच्याच तोंडाला लावून तिनं सुर्रकन आवाज काढला.

बाहेर दादू गहिवरला. “प्याला गो, प्याला!”

शहाळ्याच्या नुसत्या वासानं जिला लहानपणापासून उमळून यायचं, ती पोर... पीत राहिली! सासऱ्यांच्या मूत्रपिंडांनी सोडलेलं काम तिच्या मूत्रपिंडांनी निमूटपणे अंगावर घेतलं. मोरीकडे धावता धावता ती अर्धी झाली. आणि खाटेखालच्या काचेच्या बाटलीत, जिथं बाबांच्या नळीतून लघवी उतरायची, तिथं मात्र काही म्हणता काही हालत नव्हतं.

एके दुपारी अंजनाबाईंनी अचानक पडदा सारला. शहाळं जयाच्या ओठाला होतं.

“बघ रे नळकांड्या! सासरा मरणाच्या दारात, नि ही त्याची शहाळी ढोसते!”

“आई...” जयाचे डोळे झरू लागले.

इतक्यात डॉक्टर आले. खाटेखालचा रिकाम्या शहाळ्यांचा ढीग पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “कोणी पाजली ही? बोला! यांचं हृदय कुठल्याही क्षणी थांबेल!”

अंजनाबाई पुढे सरसावल्या.

“नाय डाक्टर... त्याच्या पोटात थेंब नाय गेला. मी आत्ताच बघितलं ना... सगळी... सगळी हीच प्याली.”

तक्रार करायला उघडलेलं तोंड साक्ष देऊन मिटलं.

डॉक्टर स्टुलावर मटकन बसले. “मग बाई, तुमचं कुंकू या सुनेनं राखलंय.”

टप्!

सगळे खाली वाकले. बाटलीत एक पिवळसर थेंब पडला होता... मग दुसरा... मग बारीक धार! रोज भरती पाहणारी ती समुद्रकाठची माणसं फरशीवर गुडघे टेकून, श्वास रोखून, या नव्या भरतीकडे पाहू लागली. केवढंसं ते मूत्रपिंड, मुठीएवढं... आणि अख्खं घर त्याच्या धारेवर तरंगत होतं! भीमराजनं डोक्यावरची टोपी काढली. प्रेमानं बाटलीला हात जोडले, आणि ते कुणालाही विचित्र वाटलं नाही.

“मूत्रपिंडं जागी होतायत,” डॉक्टर पुटपुटले. “पण शहाळं अजून बंदच हं!”

तेवढ्यात दोन्ही काखांत शहाळी घेऊन कोळीवाड्यातला अण्णा दारात उभा राहिला. “पाजल्याबिगर हलणार नाय मी!”

जया सवयीनं उठली. अंजनाबाईंनी तिचा दंड धरून तिला पुन्हा खाली बसवलं. त्यांनी नळकांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“जया,” त्या म्हणाल्या... सासूच्या तोंडून तिनं स्वतःचं नाव प्रथमच ऐकलं! “बस गो बाय. दमलीस तू. आता माझी पाळी.”

त्यांनी डोळ्यांना पदर लावला, अण्णाच्या हातातलं शहाळं घेतलं आणि पडदा ओढला.

आतून आवाज आला, सुर्रर्र... आणि बाहेर अण्णा गहिवरला.