लाल पट्ट्याची बोट

"टण्ण! टण्ण! टण्ण!... थप्प!"

टिटवी ट्रेलरवरच्या बोटीखाली उताणी पडून पान्याने तळ वाजवत होती. तिने पुन्हा वाजवून पाहिलं. पुन्हा थप्प!

"आत्या, इथे आवाज बद्द येतोय!"

टिटवी हे नाव आत्यानेच ठेवलेलं. ही ओरडली की अख्ख्या धक्क्याला ऐकू जाई! आज मात्र आत्याला ऐकायला वेळ नव्हता. बेटावरच्या मुलांना पलीकडच्या शाळेत नेणारी तिची जुनी बोट मोडीत निघाली होती, सुट्टी संपत आली होती आणि यार्डात दोन नव्या बोटी शेजारीशेजारी उभ्या होत्या. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, दोन्हींचा तळ व्हीसारखा खोल, लाटा कापणारा. एकीला लाल पट्टा, दुसरीला निळा, एवढाच काय तो फरक.

"लालच घ्या, ताई!" विक्रेता म्हणाला. "पाण्याचा थेंबही लागलेला नाही तिला. गाद्या बघा किती मऊ!"

"मग खाली तेवढ्याच जागी ताजा रंग का?" टिटवीने विचारलं.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, बाळ!" त्याने तिच्या हातात पाण्याचा पाइप कोंबला आणि शेजारी उभ्या तिच्या आतेभावाकडे, ढोल्याकडे बोट दाखवलं. "जा, दोघं मिळून बोटी धुवा. तेवढीच मदत!"

आणि आत्या हसली! चक्क हसली! टिटवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बोटीत रोज बसणार कोण? हा माणूस? की ढोल्या आणि बेटावरची सगळी पोरं?

मोठी माणसं ऑफिसात चहाला गेली.

"ढोल्या, बोटीला चीर असली तर पाणी आत येतं ना?"

"मग काय सरबत येतं?"

"तसंच आतलं बाहेरही जाणार! तळाच्या भोकाचं बूच घट्ट लाव!"

"अगं, त्याने धुवायला सांगितलंय!"

"धुतोयच की! आतून!"

लाल बोटीत पाणी घोटाभर चढलं. टिटवी खाली सरपटली. ताज्या रंगाला फुगा आला, पोपडा सुटला, मागोमाग भेग बुजवायला भरलेला लांबीचा गोळा गळून पडला आणि करंगळीएवढ्या चिरेतून पाण्याची धार लागली!

"आत्याऽऽऽ!"

सगळे धावत आले.

"काय केलंत हे, कार्ट्यांनो!" विक्रेता किंचाळला.

"तुम्हीच म्हणालात ना, धुवा!" ढोल्याने साळसूद चेहरा केला.

"जरा खडकाला घासली होती, ताई... किरकोळ..."

"थेंबही लागला नव्हता ना?" आत्या कडाडली. "यात पोरं बसणार होती! पोरं! आणि तुम्ही लांबी भरून वर रंग फासलात? लाज नाही वाटली?"

"मग निळी घ्या! ती अगदी..."

"एक शब्द बोलू नका! पाइप धरा आणि निळीतही पाणी भरा."

निळ्या बोटीत पाणी चढू लागलं, तशी आत्या सरळ टिटवीच्या शेजारी, त्या चिखलात उताणी पडली.

"कुठे वाजवायचं गं? दाखव."

टण्ण! टण्ण! टण्ण! या टोकापासून त्या टोकापर्यंत टण्ण. तळ कोरडा ठणठणीत.

"चुकलंच माझं. तू पहिल्यांदा ओरडलीस तेव्हाच ऐकायला हवं होतं," आत्या म्हणाली. "आता शाळेची बोट कुणी निवडली असं कुणी विचारलं, तर मी तुझंच नाव सांगणार."

टिटवीने पाना उचलला आणि निळ्या बोटीच्या तळावर आणखी एकदा जोरात वाजवला. टण्ण!