नाडीमुद्रा

कॅमेऱ्याने तिसऱ्यांदा नकार दिला, तेव्हा इंदुजा मयेकरने आधी सूर्याकडे पाहिलं. तो अजून समुद्रापासून चांगला दोन हात वर होता. गणेशगुळ्याच्या वाळूवर ऊन स्वच्छ पडलं होतं. मग बिघडलं काय?

पडद्यावर दोन चेहरे होते. हेमलताबाईंच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट होती, म्हणजे जिवंत. शेजारी हसत उभ्या असलेल्या यशवंत पारकरांभोवती मात्र लाल चौकट होती आणि खाली अक्षरं होती : ‘व्यक्ती आढळली नाही’.

संगणकाने घडवलेले चेहरे खऱ्यांपासून वेगळे ओळखता येईनासे झाले, तेव्हा सरकारने हा नियम केला होता. अस्तित्वातच नसलेल्या नवरा-बायकोंच्या नावावर घरं आणि वारसे लाटले जात होते. तेव्हापासून विवाहनोंदणीला जोडप्याचं नाडीमुद्रा असलेलं, म्हणजे चेहऱ्यावरून नाडीची खूण टिपलेलं, छायाचित्र लागे. ते खोलीत काढता येत नसे. दिव्यांच्या लुकलुकण्यात नाडी हरवून जाई. म्हणून जोडपी किनाऱ्यावर येत. त्यांचे फोटो काढण्यावरच इंदुजाचं पोट चालायचं.

“काका, जरा हलू नका हं,” ती म्हणाली. चौथ्यांदाही तेच झालं.

“पोरी, आज झालंच पाहिजे गं,” हेमलताबाईंचा आवाज चढला. “परवा यांचं ऑपरेशन आहे. टेबलावर काही कमीजास्त झालं, तर निर्णय कोणी घ्यायचा? नोंदणी नसेल तर यांच्या पुतण्यांनी. चार वर्षं यांचं सगळं मी करतेय, आणि पुतण्यांना यांच्या गोळ्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत.”

इंदुजाला काय वाटलं कोण जाणे. ती पुढे झाली आणि तिने यशवंतरावांचं मनगट धरलं. हात उबदार होता. तिने बोटं दाबली, सरकवली, पुन्हा दाबली. नाडी लागत नव्हती.

“नाही सापडायची,” यशवंतराव शांतपणे म्हणाले. “माझ्या छातीत पंप आहे. धडधडत नाही, नुसता फिरत राहतो. विहिरीवरच्या मोटारीसारखा. रक्त एकसारखं वाहतं, ठोका नाही. परवा नवा बसवायचाय. याचा त्या कॅमेऱ्याशी काही संबंध आहे का?”

इंदुजाने रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत डॉक्टर हेरंब साठ्यांना फोन लावला. नाडीमुद्रेची पद्धत त्यांचीच होती. तिने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

“कॅमेरा चुकत नाहीये, इंदुजा,” सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले. “रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला त्वचेखाली रक्त वाढतं आणि चेहऱ्यावरून परतणारा हिरवा उजेड किंचित घटतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. हा चढउतार असेल तर माणूस जिवंत, नसेल तर बनावट. ठोक्याविना जगणारा माणूस आम्ही गृहीतच धरला नव्हता.”

“मग आता, सर?”

“नियमात दुरुस्ती सुचवतो. काही महिने लागतील.”

“महिने!” इंदुजा ओरडलीच. “परवा ऑपरेशन आहे!”

हेमलताबाई विचारात पडल्या होत्या. त्यांनी आपल्या गर्द हिरव्या साडीचा पदर पसरला आणि यशवंतरावांच्या गालाजवळ नेला. उन्हाने गालावर हिरवट झाक उमटली. पदर मागे घेतला, झाक गेली.

“हिरवा उजेड कमीजास्त व्हायला हवा ना?” त्या म्हणाल्या. “तू कॅमेरा सुरू कर.”

पदर फोटोच्या चौकटीबाहेर राहील इतका दूर धरून, दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या मानेवरच्या शिरेवर ठेवून, त्या आपल्या ठोक्याबरोबर पदर हलकेच झुलवू लागल्या. त्यांचं आयुष्य गाणं शिकवण्यात गेलं होतं, हात लयीला सोडत नव्हता. लाल चौकट थरथरली आणि हिरवी झाली. मुद्रा उमटली आणि नेहमीप्रमाणे आपोआप प्रयोगशाळेत पोचली.

“आली की!” डॉक्टर आश्चर्याने म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. “दोघांच्या नाड्या ठोक्याला ठोका जुळतायत. असं होत नाही. काय केलंत तुम्ही?”

खोटं बोलणं सोपं होतं. वाऱ्याचं निमित्त पुरलं असतं. हेमलताबाई डोळ्यांनी विनवत होत्या. पण जे एका पदराने साधलं, ते कुठल्याही लबाडाला साधणार होतं. इंदुजाने घडलं ते सांगून टाकलं. हेमलताबाईंनी पदर आवरून घेतला.

फोनवर बराच वेळ कळफलकाची टकटक ऐकू येत राहिली.

“जुन्या मुद्रा चाळल्या,” डॉक्टर अखेर म्हणाले. “तंतोतंत जुळणाऱ्या नाड्यांची जोडपी खूप आहेत, इंदुजा. ही युक्ती कुणाला तरी कधीच सापडलीय. एका खऱ्या माणसाशेजारी पडद्यावरचा चेहरा ठेवायचा आणि त्यावर उजेड झुलवायचा. काही मुद्रा तुझ्याच विभागातल्या आहेत.”

इंदुजाला अशी जोडपी आठवू लागली, ज्यांनी मुद्रेचा कॅमेरा भाड्याने नेला होता, स्वतःच फोटो काढतो म्हणून. तिने हसून दिला होता.

“मला नाडीमुद्रा आत्ताच्या आत्ता स्थगित करावी लागेल. तो अधिकार माझा आहे,” डॉक्टर म्हणाले. दहा वर्षांचं काम ते स्वतःच मोडत होते.

“म्हणजे आमचाही फोटो गेला,” हेमलताबाई पुटपुटल्या.

“गेला. पण मुद्रा स्थगित असताना आधीचा कायदा लागू होतो,” डॉक्टर सावकाश म्हणाले, जणू त्यांनाही ते बोलता बोलताच उमगत होतं. “दोघांना समक्ष भेटलेले दोन साक्षीदार. बस्स. एक इंदुजा. दुसरा... थांबा तिथेच, मी निघतो.”

ते पोचले तेव्हा अंधारून आलं होतं आणि पाण्यावरून गार वारा सुटला होता. गाडीच्या उजेडात इंदुजाने नोंदणीच्या अर्जावर सही केली. डॉक्टरांनी पेन घेतलं आणि ते थबकले. मग सवयीने त्यांनी यशवंतरावांचा हात हातात घेतला. बोटं मनगटावर गेली आणि तिथेच राहिली. ज्या खुणेवर त्यांनी लाखो माणसं जिवंत ठरवली होती, ती या हातात नव्हती.

“काय डॉक्टर,” यशवंतराव म्हणाले, “पटतोय का मी?”

डॉक्टरांनी मनगट सोडलं, त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि सही केली.