खालून वर आलेल्या ओळी

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर अमावास्येची रात्र घेतली असती. हे घडलं दिवेलागणीला, चहाचा ग्लास हातात असताना.

केरळातलं कुट्टनाड. आमच्या बांधावरचं पंपघर. तुलाम महिना, परतीच्या पावसाचा. पूर्वेच्या डोंगरातलं पाणी उतरत होतं आणि नेमकं त्याच दिवशी समुद्राला उधाण.

आमची शेतं कालव्याच्या पाण्याहून खाली आहेत. मध्ये फक्त चिखलाचा बांध. त्या बांधाच्या सगळ्यात कच्च्या वळणावर पोन्नम्माचं घर.

पोन्नम्मा अंथरुणाला खिळलेली. तिचा मुलगा शिबू शेतातलं पाणी उपसायचा पंप चालवतो. त्याच्या आधी त्याचा बाप, दिवाकरन चेट्टा, म्हणजे दिवाकरनदादा, चालवायचा. दोन वर्षांपूर्वी पाणी किती चढलं ते बघायला तो पंपघराखालच्या घाटावर उतरला...

वर आलाच नाही.

त्यानंतर मी सायरन बसवला. मी रेमणी. शिबू मला चेची म्हणतो, म्हणजे ताई. झेरॉक्सचं दुकान आहे माझं, कॉम्प्युटरचं जे काही येतं ते व्हिडिओ बघून. पंपघरातल्या कॉम्प्युटरवर एक छोटा सर्व्हर केला. त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध नाही. आपणच मागायचं, आपणच द्यायचं. त्यावर एक पान. घाटावरचा तरंगता गोळा पाण्याची पातळी कळवतो, पान ती दाखवतं, आणि पाणी खुणेच्या वर गेलं की एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल, सायरन वाजवते.

त्या दिवशी जुना कॉम्प्युटर बसला. शिबूने सगळं नव्यावर उतरवलं. पान उघडलं. पाणी खुणेच्या वर होतं.

सायरन गप्प.

"चेची, तुमचा सायरन उपासाला बसलाय."

"फाइली कुठे टाकल्यास ते सांग आधी."

"होत्या तिथेच!"

"बापावर गेलायस. तोही पंप बिघडवून असाच विडी ओढत साळसूदपणे उभा राहायचा."

एरवी हसला असता. त्या दिवशी नाही हसला.

"आई घर सोडत नाहीये, चेची. म्हणते, दरवर्षी उगाच उचलता आणि माझी कंबर मोडता. सायरन वाजल्याशिवाय हात लावायचा नाही."

"तू घरी जा. माणसं जमव, होडी दाराला लाव. मी वाजवते हा."

तो गेला. मी एकटी.

सर्व्हर प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवतो. त्या ओळी मी उघडल्या. एकच रड चालली होती... सायरनची फाइल मागितली, सापडली नाही. मागितली, सापडली नाही.

पत्ता वाचला आणि कपाळावर हात मारला. पान फाइल शोधत होतं सर्व्हरच्या उंबऱ्यावर. शिबूने सगळं बिऱ्हाड एक खोली आत टाकलं होतं, ‘पंपघर’ नावाच्या फोल्डरात. पत्ता तेवढा सुधारायचा होता.

सुधारला. जतन करायला गेले तर पासवर्ड मागितला. शिबूचा.

फोन लावला. वाजत राहिला.

तेवढ्यात एक नवी ओळ आली.

आता फोल्डरांचं सांगते. नावं मीच ठेवलेली, वाट लक्षात राहावी म्हणून. पंपघर. त्याच्या आत बांध. त्याच्या आत घाट. घाटाच्या आत काही नाही.

ओळीत लिहिलं होतं... पंपघर, बांध, घाट, पाणी. तिथे कुणीतरी सायरनची फाइल मागितली होती. सापडली नाही.

‘पाणी’ नावाचं फोल्डर मी कधी केलंच नव्हतं.

वाटलं, कुणाच्या तरी मोबाइलचा चावटपणा. मागणी कुठून आली ते बघितलं. याच कॉम्प्युटरवरून.

माझ्या एका हातात फोन होता. दुसऱ्यात ग्लास.

बाहेर बेडूक ओरडत होते. ते एकदम थांबले...

दुसरी ओळ. पंपघर, बांध, घाट. सापडली नाही.

‘पाणी’ गेलं होतं. जो कोणी शोधत होता, तो एक पायरी वर आला होता.

आणि मग खालून आवाज आला. फचक... फचक... ओल्या पायांनी दगडावर चढावं तसा.

"शिबू?"

आवाज थांबला.

हातातला फोन वाजला. "चेची, फोन केला होतात?"

"तू कुठेयस?"

"घरी. आईच्या उशाशी."

तिसरी ओळ. पंपघर, बांध. सापडली नाही.

फचक... फचक... आता दाराशी. विडीचा वास आला, भिजलेल्या विडीचा. मला मान वळवता येईना. माझ्या सगळ्या अंगात फक्त डोळे जिवंत होते, आणि ते पडद्यावर.

चौथी ओळ.

पंपघर...

सापडली.

सायरन असा कडाडला की ग्लास हातातून सुटला. फोनवर गलबला झाला. त्यातही पोन्नम्माचा आवाज नीट ऐकला मी. अगदी शांत.

"वाजवला त्याने. उचला आता मला."

त्यांनी तिला खुर्चीसकट होडीत ठेवलं. होडी नारळाच्या रांगेपर्यंत पोचते न पोचते तोच बांध फुटला. त्याच वळणावर. घर तिच्या डोळ्यांदेखत गेलं.

मी वळले तेव्हा दारात कुणी नव्हतं. पंपघराच्या पायऱ्यांवर चिखलाची पावलं होती. वर येणारी.

पडद्यावर पासवर्डची चौकट तशीच उघडी होती. मी काहीच जतन केलं नव्हतं. पान अजूनही फाइल उंबऱ्यावरच शोधत होतं. मग सायरन वाजवला कुणी? जाणकारांना विचारलं. एक म्हणाला, ब्राउझरने जुनी प्रत धरून ठेवली असेल. असेल. पण जुनी प्रत पायऱ्या चढते का, हे त्याला विचारायचं राहिलं.

पत्ता मी दुसऱ्या दिवशी सुधारला. आणि आणखी एक केलं, शिबूलाही न सांगता. घाटाच्या आत ‘पाणी’ नावाचं फोल्डर केलं आणि सायरनच्या फाइलची एक प्रत तिथे ठेवली. पुन्हा लागली तर त्याला एवढं चढून यायला नको.

नंतर कितीदा तरी पाणी चढलं. ओळी मी दर वेळी बघते. त्या प्रतीला कुणी हात लावलेला नाही. खालून मागणीच येत नाही.

परवा न राहवून शिबूला सांगितलं. तो म्हणाला, "मग बरंय की, चेची. बाबा शांत झाले."

पण वर आल्याच्या ओळी माझ्याकडे आहेत. खाली गेल्याची एकही नाही...

हल्ली पंपघर रिकामं असलं तरी मी दार वाजवून आत जाते.