सोबतीची आईशपथ

मंगळवार म्हणजे निनादला रक्त चढवायचा वार. आई सहा वर्षांच्या निनादला घेऊन आत जायची आणि अकरा वर्षांची अबोली इस्पितळातल्या भावंडांच्या खोलीत थांबायची. पूर्वी या खोलीत पोरांचा नुसता धुडगूस चाले. गेल्या वर्षी तिथे ‘सोबती’ आले आणि खोली चिडीचूप झाली.

सोबती म्हणजे उशीएवढं, मऊ, बोलकं यंत्र. मांडीवर घेतलं की नाडीवरून मूल भ्यालंय की कंटाळलंय ते ओळखायचं आणि तशी गोष्ट रचायचं. घरात सगळ्यांचा जीव निनादमध्ये अडकलेला. मनातलं सांगायला अबोलीला हा एकच मिळाला होता.

“मला सुईची भयंकर भीती वाटते,” ती एकदा म्हणाली. “कुणाला सांगू नकोस. घे आईशपथ!”

“आईशपथ,” सोबती म्हणाला.

ज्याला आईच नाही, त्याच्या आईशपथेवर विसंबू नये, एवढी अक्कल अकराव्या वर्षी कुठून येणार?

पुढच्या मंगळवारी त्याच्या गोष्टीत एक मुलगी आली. सुईला घाबरणारी, पण भावासाठी शूर होणारी. मग दर मंगळवारी तीच. अबोलीला ती फार आवडायची.

आज डॉक्टरांनी अबोलीलाही आत बोलावलं. निनादला अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त घडवणारा गर, हवा होता आणि तो अबोलीचाच जुळत होता. नव्या कायद्यानं होकार मुलानं स्वतःच्या तोंडानं द्यायचा, तोही दोनदा.

“देशील ना गं?” आईनं विचारलं.

“हो!” अबोली लगेच म्हणाली. तिला स्वतःचा केवढा अभिमान वाटला.

“शहाणी! सुईची भीती गेली म्हणायची,” नर्सताई बोलून गेल्या.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

नर्सताईंनी आईकडे पाहिलं, आईनं फरशीकडे.

“तू नाही म्हणालीस तर काय, या धास्तीनं झोप नव्हती मला,” आई पुटपुटली. “सोबतीनं तुझी भीती इथे कळवली. त्याच्या गोष्टींतून तुझी तयारी करून घ्यायला मीच सही दिली, बाळा. सहा महिने झाले.”

“मला सरळ का नाही विचारलंस?”

अबोली आईपासून दूर सरकली. यंत्र बापडं सांगितलं तसं वागलं, त्याच्यावर काय रागवायचं? पण आई तिची होती.

तेवढ्यात हाताला कापूस चिकटवलेला निनाद येऊन तिला बिलगला. तिनं त्याला घट्ट धरलं.

“अबोली, दुसऱ्यांदा विचारतो,” डॉक्टर म्हणाले. “हा होकार तुझा स्वतःचाच ना?”

“होकार आहे,” अबोली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “पण तो माझाच आहे का, हे आता मी कुणाला विचारू?”