हिरूबाईसाहेबांचं शेवटचं प्रकरण

एकोणसाठ सालच्या मार्गशीर्षात मी मुळशीला गेले ती एवढ्याच कामासाठी. कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहायचं आणि प्रकाशकांना पाठवायचं. तलावाकाठी माझ्या दिरांच्या मित्राचा बंगला रिकामा होता. पुण्यात भेटायला येणारे फार, आणि माझ्या अंगात आता बसून बोलण्याचंही त्राण उरलं नव्हतं. बारा वर्षांच्या संधिवाताने बोटं वाकडी झाली होती. टाक चिंधीने बोटांना बांधून मी लिहायचे. दोन पानांत घाम फुटायचा.

वस्तीवरची साळूबाई रोज दुपारी निर्गुडीचं तेल चोळायला यायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण ऐकायला आवडायचं, म्हणून ती चोळत असताना मी लिहिलेलं वाचून दाखवायचे. कादंबरी एका लहानशा संस्थानाच्या राणीची, हिरूबाईसाहेबांची. जुन्या कागदांत एवढंच सापडलं होतं की राजेसाहेबांमागे त्या सती गेल्या. 'हसतमुखाने गेल्या,' असं मी लिहिलं.

साळूबाईचा हात थांबला.

"आपल्या पायानं न्हाई गेली ती, बाई. अफू पाजली व्हती. दाराला भाईरनं कडी."

"तुला कोणी सांगितलं?"

तिने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. "तुमी दुपारच्या निजला, की ती बसती तुमच्या खुर्चीत. तिनंच सांगितलं. मला आधी वाटलं, तुमची पावणी हाय..."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी साळूबाई तेल चोळून गेल्यावर डोळे मिटून नुसतीच पडून राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं. तलावाकडून वाराही नव्हता. थोड्या वेळाने खोलीत करपलेल्या तुपाचा वास आला. मग वेताची खुर्ची करकरली, कुणी टेकल्यावर करकरते तशी. पान उलटलं. मला डोळे उघडायचे होते, पण पापण्या उचलेनात.

"हे खोटं आहे..." अगदी कानाशी आवाज आला. थकलेला, बाईचा. "खरं लिहा."

"हात चालत नाही हो..." मी पुटपुटले.

"मग द्या इकडे."

रागाने नव्हे, मायेने म्हणाली ती. बारा वर्षांत त्या हाताचं ओझं कुणी असं मागून घेतलं नव्हतं. मी दिला.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी खुर्चीत होते आणि समोर अकरा पानं लिहून झाली होती. अक्षर माझंच, पण आजारापूर्वीचं, सरळ आणि टपोरं. त्यात अफू होती, कडी होती, किंकाळी बुडवणारे ढोल होते. चिंधी खाली पडली होती. मी मूठ वळून पाहिली. वळली. दुखलं नाही. त्या संध्याकाळी मी आनंदाने रडले.

सकाळी पानं टपालात गेली. दुपारी साळूबाई तेलाची वाटी घेऊन आली आणि उंबऱ्याशीच थबकली.

"बघ, बोटं सरळ झाली," मी हात पुढे केला.

तिने हाताकडे पाहिलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने पदर डोक्यावर ओढला, वाकून जमिनीला हात लावला. असं तिने कधी केलं नव्हतं.

"व्हय, राणीसाहेब," ती हळू आवाजात म्हणाली. "पर आमच्या बाई... बाई कुटं हायेत?"