साखळीपलीकडची जीप

धनसिंग राठोड माणूस भला, पण थांबणं त्याच्या रक्तात नव्हतं. मारेगावच्या बाजूला त्याचा तांडा, दाराशी एक जुनी जीप, आणि कापूस वेचणीचे दिवस आले की तांड्यावरच्या आणि शेजारच्या वस्तीतल्या बायांना वणीकडच्या शेतांत पोचवायचं काम. त्या बायांना भारी घाई. मजुरी किलोवर, आणि दवानं ओलावलेला कापूस वजनाला जड भरतो. ऊन चढून दव वाळलं की वजन घटतं आणि फायदा मालकाचा होतो. म्हणून त्या धनसिंगला जरा म्हणून सुखानं गाडी चालवू देत नसत. सगळ्यांत जास्त टोचायची ती पुढच्या सीटवरची बसंतीबाई, त्याची बायको.

वाटेत कोळसा भरायला मालगाड्या जात त्या सायडिंगचं फाटक लागायचं. फाटक कसलं, रुळांच्या दोन्ही अंगांना एकेक लोखंडी साखळी आणि तिच्या मधोमध लाल रंगवलेला पत्रा. मालगाडी यायची असली की गेटमन दोन्ही साखळ्या आकड्यांत अडकवून आपल्या खोलीकडे जाई. त्यावर आसपासच्या ड्रायव्हरांनी आपली रीत बसवली होती. गाडीचा आवाज लांब आहे असं वाटलं की जीपमधली एक बाई उतरायची, साखळी काढायची आणि जीप पार झाली की पुन्हा अडकवून पळत येऊन बसायची. समोर दुसरी जीप असली तर आणखी सोपं. त्यांची साखळी ते काढत, ह्यांची हे. धनसिंगनं हे इतक्या वेळा केलं होतं की ह्यात काही चुकतंय हेच तो विसरला होता.

डिसेंबरातली ती सकाळ. सात वाजून गेले होते, पण धुई अशी उतरली होती की जीपचे दिवे चार हातांवर जाऊन संपत होते. हवेत ओल्या कोळशाचा वास होता. साखळी लागलेली. धनसिंगनं इंजिन बंद केलं आणि कान दिला. डाव्या हाताला, खूप लांब, मालगाडीचं इंजिन घुरघुरत होतं.

"लय दूर हाये अजून," मागून इंदूबाई म्हणाली. ती शेजारच्या वस्तीतली, अंगानं चपळ. साखळी काढायचं काम नेहमी तिचंच.

"आटपा वं," बसंतीबाई म्हणाली. "दव सुकून राह्यलं."

इंदूबाई उतरली. धुईत काही दिसेना म्हणून धनसिंगही तिच्यामागून उतरला. साखळीजवळ आल्यावर त्याला रुळांपलीकडे दोन पिवळे दिवे दिसले. समोरही जीप उभी होती. त्याला बरंच वाटलं, अर्धं काम वाचलं.

"ओ भाऊ, काढा न तुमची साखळी," त्यानं हाळी दिली.

उत्तर आलं नाही. धुई जराशी विरळ झाली. समोरची जीप बायांनी भरली होती. डोक्याला फडकी बांधलेल्या, खांद्याला खांदा लावून बसलेल्या. त्यांतली एकही बोलत नव्हती. वेचणीला निघालेल्या बायांची जीप आणि आवाज नाही, असं धनसिंगनं जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांचा ड्रायव्हर साखळीला खेटून उभा होता. एक हात साखळीवर, दुसरा वर उचललेला, पंजा उघडा. थांब, असं सांगत होता तो.

इंदूबाईचे हात आकड्यावर तसेच राहिले. "भाऊ... ते काहून थांबले असतीन?"

"काय माईत..."

धनसिंगच्या मनात आलं, थांबू दे त्यांना, आपण जाऊ. आवाज तर लांबच होता. पण समोरचा हात काही खाली येईना. दहा बाया घेऊन चाललेला माणूस उगीच थांबत नाही, एवढं त्याला ड्रायव्हर म्हणून कळत होतं.

"ठेव," तो हळूच म्हणाला. "ठेव ती साखळी... मांगं सरक."

चपलेखालची गिट्टी थरथरली. आणि डावीकडच्या पांढऱ्या धुईतून एक काळी भिंत निघाली. ना दिवा, ना भोंगा. नुसती चाकांची बारीक कुरकुर. कोळशाचा डबा त्यांच्यापासून दोन हातांवरून सरकत गेला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. धनसिंग मोजायला लागला आणि विसाच्या पुढे विसरला. दोन डब्यांच्या फटीतून प्रत्येक वेळी पलीकडचा तो हात दिसायचा, तसाच वर उचललेला. सगळ्यात शेवटी इंजिन आलं, सगळी गाडी मागून ढकलत.

गाडी गेली. धनसिंग साखळीला धरून उभा राहिला. डोळ्यांपुढे बसंतीबाई होती, पुढच्या सीटवरची, डाव्या अंगाची. आधी तीच गेली असती.

"भाऊ, लय उपकार झाले तुमचे," त्यानं रुळांपलीकडे हात जोडले. "माया घरचं माणूस होतं गाडीत..."

पण पलीकडचे दिवे आता दिसत नव्हते. तिकडून रूळ ओलांडून आला तो गेटमन सदाशिवराव, हातात झेंडी, तोंडात शिट्टी आणि कपाळावर आठ्या.

"शिट्टी फुकून फुकून दम गेला माया. तुम्हाले आयकूच येत नाही काय? इथं इंजिन मांगं असते, डबे पुढं. आवाज दूर रायते अन् मरण जवळ. साखळीले हात कायले लावता?"

"चुकलं, साहेब," धनसिंग म्हणाला. "समोरच्या जीपवाल्यानं थांबवलं म्हणून वाचलो. कुठं गेला तो? त्याच्या पाया पडतो."

सदाशिवरावाच्या आठ्या गेल्या. त्यानं झेंडी गुंडाळून काखेत मारली.

"पहाटपासून मी त्याच बाजूले हावो. तिकडून कोणीच नाही आलं."



"अकरा साल झाले," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अशीच धुई होती. वेचणीच्या बायाइची जीप होती... साखळी काढून निघाले. थांबले नाही तवा." त्यानं साखळी आकड्यातून काढली. "आता थांबतेत."

धनसिंग चालत पलीकडे गेला. रस्त्यावर कोळशाची ओली भुकटी एकसारखी पसरली होती. तिच्यावर चाकाचा एकही ठसा नव्हता. भीती त्याला वाटलीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी आत दाटून आलं आणि त्यानं त्या भुकटीवर कपाळ टेकलं. बसंतीबाईनं आपल्या फडक्यातली भाकर सोडून साखळीच्या खांबाशी ठेवली. "सेवाभाया, यायले सुखात ठेव," ती तांड्याच्या देवाला म्हणाली. इंदूबाईनं डोळे मिटून हात जोडले. त्या दिवशी शेतात पोचेपर्यंत दव पार वाळलं होतं. कापूस हलका भरला आणि बायांपैकी एकीनंही कुरकुर केली नाही.

तेव्हापासून धनसिंग थांबायला लागला. इंजिन बंद करायचा, कोणाला साखळीला हात लावू द्यायचा नाही. स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला स्टेशनमास्तर म्हणून चिडवत. तो हसायचा आणि पुन्हा तेच सांगायचा. घरच्या माणसांकडे पाहिलं की त्याला वाटायचं, ही आपल्याला परत मिळालेली आहेत.

जानेवारीत एकदा तो वणीच्या स्टँडवर चहा पीत होता. घनश्याम नावाचा दुसरा जीपवाला गर्दीतून आला आणि त्यानं धनसिंगचे हातच धरले. त्याचे डोळे भरले होते.

"राठोडभाऊ, कालपासून शोधून राह्यलो तुमाले. परवा फाटकावर तुम्ही हात वर केला नसता तं बारा माणसं गेले असते. माई पोरगी होती गाडीत."

धनसिंगनं त्याला बाकावर बसवलं.

"धुई लय होती, पण वळखलं तुमाले," घनश्याम म्हणाला. "बसंतीवहिनी पुढंच बसून होत्या. मी लय आवाज देल्ला... काहीच बोलल्या नाही त्या."

धनसिंगनं त्याचे हात दोन्ही हातांत घट्ट धरले. "थांबत जा भाऊ," एवढंच तो म्हणाला.

परवा दिवसभर तो आणि बसंतीबाई दूर दारव्ह्याला होते, आणि त्याची जीप मेहुण्याच्या दारात उभी होती.