थकव्याची सावड

माझ्या उरलेल्या दोन दातांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर दोन्ही पडोत, आणि मी जन्मभर चकली चहात बुडवून खाईन.

तर लांज्यात वत्सला घाणेकर नावाची एक बाई मंगळवारी दुपारी चटईवर आडवी व्हायची, आणि कुणी विचारलं तर ऐटीत सांगायची, "माझा नव्हे हो, गजराबाईंचा थकवा आहे. अकोल्याहून आलाय." तेव्हा थकवा वाटून घ्यायची सोय नुकतीच निघाली होती. तिची नणंद उषा म्हणायची, "वहिनीच्या आळसाला आता तारा जोडल्या वाटतं."

आळस नव्हता तो. वत्सलाला ल्यूपस होता. या दुखण्यात शरीराचे राखणदारच बिथरतात आणि चोर सोडून घरच्यांना बडवतात. त्या मारामारीची बातमी मेंदूला पोचते आणि मेंदू हुकूम काढतो, पडून राहा. हा हुकूम म्हणजेच थकवा. झोप काढली, चहा ढोसला, तरी तो हटत नाही. बाहेरून मात्र बाई धडधाकट दिसते, म्हणून लोक आळशी म्हणून मोकळे होतात.

आधी फोनवरचा नुसता गट होता. पुष्कळजणी आल्या नि गेल्या, टिकल्या तिघी. वत्सला, अकोल्याच्या थोरल्या गजराबाई इंगळे आणि मिरजेची नसीम मुजावर. एकीनं लिहायचं, "आज भाकरी थापवत नाही." दुसरीनं लिहायचं, "थापू नको, भात टाक." एवढ्यानंही अर्धं बरं वाटायचं.

मग डॉक्टर ऋजुता लिमये त्यांच्यात आल्या. त्यांनी कानामागे लावायची एक टिकली बनवली होती. मेंदूचा तो हुकूम टिकली पकडते आणि इंटरनेटवरून दुसरीच्या टिकलीला धाडते. तिनं जेवढा उचलला तेवढा हिचा कमी.

"मग माझ्या जावयाला द्या की," वत्सला म्हणाली. "बसून असतो."

जावयाला लावूनही पाहिली. त्याला फक्त भूक लागली.

"ज्या मेंदूला हा थकवा ठाऊक आहे, त्यालाच तो वाचता येतो, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून तुम्ही तिघीच. पण कुणीही पाव हिश्शापेक्षा जास्त घ्यायचा नाही."

"म्हणजे सावडच ही," वत्सला म्हणाली. "आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या तुमच्या. आणि सावडीत मोजत नाहीत हो, डॉक्टरीणबाई."

"इथं मोजायचं," डॉक्टरांनी बजावलं. तिघींनी माना डोलावल्या.

श्रावणात गावच्या हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा लागली. लग्नाआधी फुगडीत वत्सलाचा हात धरायला पोरी घाबरायच्या. यंदा उषानं सगळ्यांदेखत विचारलं, "वहिनी, तुमच्यासाठी खुर्ची सांगू ना? टाळ्या बसूनही वाजवता येतात."

वत्सलानं गटावर लिहिलं, "मला एक फुगडी हवी. एकच. या बाईसमोर."

"घाल," गजराबाईंचा आवाज आला. "तुझा थकवा आमी पाहून घेऊ. काहून भेतं वं पोरी?"

त्या मंगळवारी वत्सलानं पदर खोचला. पहिला हात उषानं धरला, तिला गरगरलं, ती बसली. मग उषाची जाऊ आली, सरपंचीण आली, कुस्ती खेळणारी सरपंचिणीची भाची आली. सगळ्या भिंतीला टेकल्या. वत्सला फिरतच होती. तिच्या टाचेखाली हॉलची फरशी तडकली, जा आणि बघून या, अजून तशीच आहे. तांब्याचा कलश तिला मिळाला. टाळ्या वाजवल्या त्या उषानं, आणि त्याही खुर्चीत बसून.

मजा पुढंच आहे. वत्सला थांबेना. हॉल झाडला, पातेली घासली, घरी येऊन माळा उपसला. दुसऱ्या दिवशीही तेच. घोटा सुजून भोपळा झाला, बोटं लटपटत होती, आणि बाई म्हणते, मला काही होत नाही.

डॉक्टरांचा फोन आला. "काकू, बसा आधी. तुमचं शरीर थकलंय, फक्त तुम्हाला कळत नाहीये. घर तुमचं पेटलंय आणि घंटा वाजतेय अकोल्यात."

"पण पाव पावच घेणार होत्या ना त्या?"

"दोघींनीही अख्खा मागून घेतलाय. एकमेकींपासून लपवून."

वत्सलानं लगेच गजराबाईंना फोन लावला. "माझा थकवा परत करा."

"राहू दे वं दोन दिवस. भारी भरगच्च हाय तुझा. पडल्या पडल्या मले तुझी फुगडी दिसते."

"हृदय बंद पडेल माझं, गजराबाई."

गजराबाईंनी नसीमलाही फोनवर घेतलं. मग नसीमचा बारीक आवाज. "ताई, मीही पूर्ण मागितला होता. सावडीत अर्धा हात कोण लावतं?"

दोघींनी परत केला. वत्सला चटईवर कोसळली. गहाण पडलेला दागिना परत मिळाल्यासारखी ती त्या थकव्याला बिलगली. पण तिचा थकवा गुडघ्यांतून चढायचा, आणि हा मनगटांतूनही चढत होता. मानेवरही काहीतरी येऊन बसलं होतं.

"मनगटातला गजराबाईंचा, मानेतला नसीमचा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "तिघींचे मेंदू एकमेकींचा थकवा शिकले. ताकात पाणी मिसळलं काकू, आता वेगळं काढता येणार नाही."

"कशाला काढायचंय?" वत्सला म्हणाली.

पुढं दोन दिवाळ्यांनी गजराबाई गेल्या. त्यांची टिकली घरच्यांनी काढून परत पाठवली. तरी मंगळवारी दुपारी लांज्यात वत्सलाची आणि मिरजेत नसीमची मनगटं जड झाली.

डॉक्टर घाबरल्या. "पाठवणारं कुणी उरलं नाही आणि थकवा येतोच आहे. औषधानं ही आठवण पुसता येईल. नाही पुसली तर काय होईल ते ऐका. एक एक जाईल तसा तिचा वाटा मागे राहणाऱ्यांकडे येईल. शेवटी जी एकटी उरेल, तिच्या अंगात सगळ्यांचा थकवा असेल. आणि तो वाटून घ्यायला कुणी नसेल."

"पाहुणी दारात आलीय, आणि तिला हाकलू?" नसीम म्हणाली.

वत्सलानं कलश पुसून कोनाड्यात ठेवला. "जी उरेल ती सगळ्यांत थोर म्हणायची. दुसरं काय?"

औषध कुणीच घेतलं नाही.

आता एक कबूल करते, दात दोनच आहेत म्हणून. हॉलची ती फरशी आधीचीच तडकलेली होती, फुगडीनं नाही. बाकी सगळं खरं. विश्वास बसत नसेल तर हा माझा हात धरा आणि मनगट उचलून बघा. आज मंगळवार. गजराबाई आल्या. नसीमही गेली, पण मानेवर केव्हाची येऊन बसलीय. जरा चटई घाला बघू, आम्ही तिघी पडतो.